शांततेत वाजलेला टाचण्यांचा डबा

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकते. माझ्याबरोबर सिनेमा बघायला घरचं कोणीही तयार नसतं. पडद्यावर नायिका हुंदके देत असते, आजूबाजूच्यांचे डोळे भरून आलेले असतात, आणि मी मध्येच म्हणते, "अगं बाई, मघाशी हिची वेणी डाव्या खांद्यावर होती ना?" नवऱ्याने एकदा भर थिएटरात मला हात जोडले होते. पण करणार काय? वीस-बावीस वर्षं मी सिंगापूरला बसून लोकांच्या वेण्याच बघत आले. आमच्या धंद्यात त्याला कंटिन्युइटी म्हणतात.

सिनेमा आपण ज्या क्रमाने बघतो त्या क्रमाने तो कधीच चित्रित होत नाही. नायक दाराबाहेर उभा राहून बेल वाजवतो ते सोमवारी. दार उघडून आत पाऊल टाकतो ते गुरुवारी, शहराच्या दुसऱ्या टोकाला, भलत्याच घरात. मधल्या तीन दिवसांत त्या गृहस्थाने केस कापून घेतलेले असतात. हे सगळं जुळवून आणायचं, हे माझं काम. गळ्यात स्टॉपवॉच, खांद्याला छोटा डिजिटल कॅमेरा आणि मांडीवर रजिस्टर. कप कोणत्या हातात होता, कपात चहा किती होता, वरचं बटण उघडं की बंद, शॉट किती सेकंदांचा, सगळं लिहायचं. सेटवर मी कोणालाच आवडत नसे. सगळे 'सुटलो बुवा' म्हणत असताना हात वर करून "थांबा, घाम कपाळाच्या उजव्या बाजूला होता" म्हणणारी बाई कोणाला आवडेल?

एकदा आम्ही हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इकडच्या खाऊगल्लीत, नूडल्सच्या जाहिरातीचं शूटिंग करत होतो. वाडग्यातलं सूप प्रत्येक टेकला त्याच पातळीला हवं, हा माझा हट्ट. नट नवखा होता, सकाळपासून उपाशी आलेला. थुंकायला बादली ठेवली होती, पण हा पठ्ठ्या प्रत्येक घास खरोखरच गिळत होता. अकराव्या टेकला तो पोट धरून बसला. स्टॉलवाले चिनी अंकल कंबरेवर हात ठेवून माझ्यापुढे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आंटी, यू पनिश हिम आ? सो पुअर थिंग लाह!" दुसऱ्या एका मालिकेत नवरीची मेंदी चार दिवसांत फिकी पडली म्हणून मीच रोज बारीक कुंचल्याने तिचे हात रंगवले, आणि पाचव्या दिवशी तळहातावरचा मोर उलट्या दिशेला तोंड करून बसला. तो अजून तसाच आहे. प्रेक्षकांपैकी कोणालाही तो दिसला नाही. मला मात्र अधूनमधून दिसतो.

पण आज सांगायची आहे ती माझी सगळ्यात मोठी चूक, आणि तिच्याबद्दल मला काडीचंही वाईट वाटत नाही.

दोन हजारचं दशक निम्मं सरलं असेल. मुंबईहून एक युनिट तीन आठवड्यांसाठी इकडे आलं होतं. सिनेमाचं नाव सांगत नाही, कारण सांगूनही उपयोग नाही. तो एक आठवडा चालला, तोही बहुधा एसीच्या हवेसाठी आत शिरलेल्यांमुळे. गोष्ट प्रेमाची होती. परदेशात भेटलेले दोघं, गैरसमज, विरह, वगैरे. पण नायक-नायिकेने तिसऱ्या दिवसापासूनच एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. कोणाला आधी मेकअपला बसवायचं यावरून वाजलं होतं म्हणे. दिग्दर्शक बिचारे रोज कपाळाला बाम चोळून यायचे. कॅमेऱ्यासमोर काही केल्या प्रेम होईना. ते झालं कॅमेऱ्यामागे.

कपड्यांची जबाबदारी वंदनाकडे होती. वंदना माझी जुनी मैत्रीण. पुण्यात जन्मली, चार वर्षांची असताना इकडे आली, त्यामुळे तिच्या मराठीला मधूनमधून 'लाह'ची सिंगापुरी शेपटी असते. वय तेव्हा एकोणचाळीस. आई लवकर गेली. ती आणि तिचे वडील, आप्पा, पाया लेबारजवळच्या फ्लॅटमध्ये राहत. आप्पा जहाजावर इंजिनिअर होते. तीस वर्षं इंजिनरूमच्या धडधडाटात काढल्यामुळे कान गेलेले. कानाला यंत्र होतं, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून आप्पा ते टीव्हीवर काढून ठेवत. मग घरातलं "आप्पा, जेवायला चला" तीन मजले ऐकू जायचं. लग्नाचा विषय निघाला की वंदना हसून म्हणायची, "माझ्याशी लग्न करणाऱ्याचा आधी घसा चेक करावा लागेल."

आवाजाच्या यंत्रापाशी होते अविनाश निमकर. पुण्याचे, पंचेचाळिशीचे, सडसडीत, एकटे. कानांवर कायम हेडफोन आणि तोंडाला कायम कुलूप. पहिल्या दिवशी त्यांनी वंदनाशी बोललेलं पहिलं वाक्य मी स्वतः ऐकलं.

"मॅडम, तो डबा."

"काय झालं डब्याला?"

"वाजतो."

वंदनाकडे चॉकलेटचा एक चपटा पत्र्याचा डबा होता. त्यात टाचण्या आणि सेफ्टी पिना. तो सतत तिच्या हातात, आणि ती चालली की खुळखुळ, खुळखुळ. तिने मुकाट्याने रुमालाची घडी घातली, टाचण्यांवर दाबून बसवली, झाकण लावलं आणि त्यांच्या कानाशी डबा हलवून दाखवला. "आता ओके?" निमकरांनी मान डोलावली. झालं. याला कोणी प्रेमाची सुरुवात म्हणेल का?

पण त्या दोघांचं काम एकमेकांत अडकलेलं होतं. नटीच्या कपड्यात बोराएवढा माइक लपवतात, त्याची वायर आतून नेऊन कमरेच्या छोट्या डबीला जोडतात. साडीत तो माइक लावणं पुरुषाने करायचं काम नव्हे, असं निमकरांचं ठाम मत. ते माइक वंदनाच्या हातावर ठेवत आणि दूर आपल्या यंत्रापाशी जाऊन बसत. तिथून एकेक शब्द येई. "वर." "अजून." "घासतोय." आणि शेवटी, "ओके." दिवसात दहा वेळा हे चाले.

आता रूम टोन म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे. प्रत्येक जागेला तिची स्वतःची शांतता असते. कुठे फ्रिजची घरघर, कुठे लांबच्या एमआरटी रेल्वेची गुणगुण, कुठे नुसतीच हवा. संवादांच्या मधल्या फटी बुजवायला ती शांतता लागते, नाहीतर ऐकताना खड्डे पडल्यासारखं वाटतं. म्हणून प्रसंग संपला की ध्वनिमुद्रक ओरडतो, "रूम टोन!" आणि चाळीस-पन्नास माणसं असतील तिथे गोठून उभी राहतात. खोकायचं नाही, पाय हलवायचा नाही, टाचणी पडता कामा नये. आपल्याकडे एवढी माणसं शांत उभी राहतात ती फक्त श्रद्धांजलीला, त्यामुळे नव्या माणसाला वाटतं, कोण गेलं? यासाठी तीस सेकंद पुरतात. मी सवयीने तेही स्टॉपवॉचवर मोजायची आणि रजिस्टरात मांडायची.

पहिल्या दिवशी निमकरांनी एकतीस सेकंद घेतली. तिसऱ्या दिवशी पंचेचाळीस. पाचव्या दिवशी एक मिनिट दहा. मला वाटलं, माणूस काटेकोर आहे, आपल्या जातीचा. तिसऱ्या आठवड्यात बिशान भागात एका फ्लॅटमध्ये काम सुरू झालं, आणि मंगळवारी वंदना आप्पांना डॉक्टरकडे न्यायचं म्हणून रजेवर होती. त्या दिवशी रूम टोन बरोबर तीस सेकंद. बुधवारी वंदना आली. एक मिनिट पन्नास! दिग्दर्शकांचा पाय अवघडला, कॅमेरामनच्या नाकावर माशी बसून उडून परत बसली, तरी निमकर "ओके" म्हणेनात. मी मान न हलवता नुसते डोळे फिरवले. निमकर यंत्राकडे बघतच नव्हते. ते समोर, इस्त्रीच्या टेबलापाशी, डबा छातीशी धरून पुतळ्यासारख्या उभ्या असलेल्या वंदनाकडे बघत होते. आणि आमची वंदना जमिनीकडे बघत हसू दाबत होती.

घरी येऊन रजिस्टर उलटंसुलटं चाळलं. वंदना सेटवर असेल तर मिनिटाच्या वर. नसेल तर तीस. सगळा पुरावा माझ्याच अक्षरात! नवऱ्याला दाखवलं. तो तुआसच्या शिपयार्डमध्ये आयुष्यभर वेल्डिंगचे जोड तपासणारा माणूस. म्हणाला, "शुभा, तुझं काम नोंद करायचं. ढवळाढवळ करू नकोस." मी नाही केली. पण दिवस मोजू लागले. शनिवारी शूटिंग संपणार होतं, रविवारी युनिट मुंबईला परतणार होतं, आणि या दोघांत 'वर', 'अजून' आणि 'घासतोय' यापलीकडे एक शब्द झाला नव्हता.

शनिवार उजाडला. त्याच बिशानच्या फ्लॅटमधला शेवटचा प्रसंग. घरमालकीणबाईंनी सगळ्यांची पादत्राणं दाराबाहेर काढायला लावली होती, त्यामुळे आख्खं युनिट अनवाणी. नायिकेच्या रेशमी ब्लाउजवर माइक घासत होता. वंदनाच्या अंगात त्या दिवशी तसाच रेशमी कुडता होता, म्हणून तिने दुसरा माइक स्वतःलाच लावून बघितला. निमकरांनी आतल्या बेडरूममध्ये यंत्राला चाचणीसाठी वेगळी टेप लावली. मी रजिस्टरात शिस्तीत लिहिलं: 'माइक दोन, वंदनाकडे, चालू.' तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "लंच!" आणि सगळे पांगले. मी आणि वंदना कोपीचे, म्हणजे इकडच्या कॉफीचे, कप घेऊन बाहेर कॉरिडॉरमधल्या बाकावर जाऊन बसलो.

माझ्याने राहवेना. मी रजिस्टर तिच्या मांडीवर ठेवलं. "वंदना, हे आकडे बघ. तीस सेकंदांची शांतता लागते. तुझे निमकर पावणेदोन मिनिटं घेतात. तू असलीस तरच."

ती बराच वेळ आकड्यांवरून बोट फिरवत राहिली. "मला माहितीये, शुभाताई. मी काय ब्लाइंड आहे का?"

"मग?"

"मग काय? ते मिनिट सुरू झालं की मला वाटतं संपू नये. पण तो बोलणार नाही, आणि उद्या जाणार. आणि समजा बोलला, तर? आप्पांना सोडून मी पुण्याला नाही जाऊ शकत. आणि सगळं टाकून तू इकडे ये, असं मी त्याला कोणत्या तोंडाने सांगू? टू मच लाह, एवढं मागणं."

"ते सोड. त्याने विचारलं तर तू हो म्हणशील का?"

"हो लाह! शंभर वेळा हो." एवढं म्हणून तिने डोळे पुसले.

दार उघडलं. दारात निमकर. हेडफोन नव्हते. तीन आठवड्यांत मी त्यांचे कान पहिल्यांदाच बघितले, दोन्ही लालबुंद.

"मॅडम, माइक चालू आहे," ते म्हणाले.

वंदनाचा हात कुडत्याच्या गळ्याशी गेला. मी रजिस्टरात बघितलं. माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: चालू. कोणाच्या अंगावर काय आहे हे लक्षात ठेवणं हे जिचं काम, ती बाई पंधरा मिनिटांपूर्वीची स्वतःची नोंद विसरली होती. धरणीने पोटात घ्यावं असं म्हणतात ते मी त्या दिवशी अनुभवलं, आणि सिंगापुरात आम्ही तर पाचव्या मजल्यावर होतो.

"माझं नाव ऐकलं आणि हेडफोन काढले," निमकर म्हणाले. "पुढचं काही ऐकलं नाही."

"आणि यंत्र?" मी विचारलं.

"ते बंद करायचं सुचलं नाही. आधी कानच सोडवले." त्यांनी काडेपेटीहून जरा मोठी अशी एक टेप वंदनापुढे धरली. "यात सिनेमाचं काही नाही. ही तुमची आहे. मी ऐकायची की नाही, ते तुम्ही ठरवा."

एवढं बोलून ते आत गेले. माझ्या हिशेबाने ते त्यांचं तीन आठवड्यांतलं सगळ्यात लांब भाषण होतं. मी बऱ्याच सभ्य माणसांबरोबर काम केलं आहे, पण आपल्याबद्दल एक बाई काय बोलते हे कानात आपोआप येत असताना हेडफोन काढून ठेवणारा माणूस मला दुसरा भेटला नाही. वंदनाने डबा उघडला, रुमालाची घडी बाहेर काढून कुडत्याच्या खिशात टाकली आणि तिच्या जागी टेप ठेवून झाकण लावलं.

"काय करणार आहेस?" मी विचारलं.

"मला नाही माहिती लाह. विचारू नका."

दुपारभर मी माझं काम केलं ते देवाच्या भरवशावर. नायकाचा हात कोणता, नायिकेची बांगडी कोणती, काही दिसत नव्हतं. मला फक्त तो डबा दिसत होता. शेवटचा शॉट चार वाजता झाला. सोफ्याच्या दोन टोकांना दोघं गप्प बसलेले, भांडण मिटलेलं, आता बोलायला काही उरलं नाही, असा तो प्रसंग. खरोखर न बोलणाऱ्या त्या दोघांनी तो मात्र झकास केला. दिग्दर्शक म्हणाले, "कट!" आणि आता यंत्र घेऊन हॉलच्या कोपऱ्यात येऊन बसलेले निमकर म्हणाले, "रूम टोन."

सगळे गोठले. मी स्टॉपवॉच दाबलं.

तीस सेकंद झाली. निमकर आज मान खाली घालून बसले होते, एकदाही वर बघत नव्हते. एक मिनिट झालं. खालच्या मैदानावर शाळेतल्या मुलांचा लांबून येणारा गलका तेवढा होता. दीड मिनिट. आणि मग आवाज आला. खुळ्. खुळ्. खुळ्.

वंदना चालत होती. रूम टोनमध्ये! चाळीस माणसं पुतळे होऊन उभी आणि ही अनवाणी, इस्त्रीच्या टेबलापासून वायरी ओलांडत, सरळ कोपऱ्याकडे निघालेली. रुमाल खिशात असल्यामुळे प्रत्येक पावलाला टाचण्या वाजत होत्या. दिग्दर्शकांचे डोळे विस्फारले, पण रूम टोन चालू असताना ओरडायचं कसं? तिने निमकरांपुढे डबा उघडला, टेप काढून त्यांच्या यंत्रावर ठेवली, झाकण लावलं आणि परत आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. खुळ्. खुळ्. खुळ्. त्यानंतरही निमकर काही बोलले नाहीत. मी स्टॉपवॉच थांबवलं तेव्हा त्यावर तीन मिनिटं बारा सेकंद होती.

"ओके," निमकर म्हणाले.

"ओके काय ओके?" दिग्दर्शक फुटले. "मध्ये खुळखुळ कसली होती? परत घे!"

"नाही सर." निमकर उभे राहिले. त्यांचा खणखणीत आवाज युनिटने तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "टेक ओके आहे. परत नाही घेणार."

मग ते यंत्र घेऊन बेडरूममध्ये गेले आणि दार लावून घेतलं. सामान आवरणाऱ्या लोकांनी दारावर थाप मारली तर मी त्यांना हाकलून दिलं. वंदना आधीच इस्त्री केलेले कपडे पुन्हा इस्त्री करत होती. पाच-सहा मिनिटांनी निमकर बाहेर आले आणि तिच्यापुढे उभे राहिले. 'मॅडम' नाही म्हणाले.

"वंदना, मला इकडे काम मिळेल. दोन स्टुडिओंनी मागे विचारलंही होतं. आप्पांना भेटायला आज आलो तर चालेल?"

वंदनाने इस्त्री तशीच कपड्यावर ठेवली. नायकाचा एक शर्ट जळला. माझ्या रजिस्टरात तोही आहे.

त्या संध्याकाळी आम्ही नवरा-बायकोही पाया लेबारला गेलो. असला प्रसंग मी चुकवणार थोडीच! आप्पांनी निमकरांना समोर बसवलं. "काय करता?"

"ध्वनिमुद्रण," निमकर नेहमीच्या आवाजात पुटपुटले.

"आँ? मोठ्याने बोला! इंजिन चालू आहे का इथे?"

वंदनाने माझ्याकडे हताशपणे बघितलं. निमकर उठले, टीव्हीवरचं कानाचं यंत्र उचललं, खिशातून छोटा ब्रश काढून साफ केलं, आप्पांच्या कानात दोन-तीनदा फिरवून नीट बसवलं आणि बारीक चाक जरा मागे घेतलं. मग खाली बसून अगदी हळू विचारलं, "आता शिट्टी वाजते का?"

आप्पांनी कान टवकारले. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली. "वंदे, नळ गळतोय की गं!"

"दोन वर्षं गळतोय, आप्पा."

आप्पा निमकरांकडे वळले आणि म्हणाले, "माणूस कामाचा आहे." होकार म्हणतात तो एवढाच. चार महिन्यांनी लग्न झालं.

खंत एकच. त्या तीन आठवड्यांत मी शेकडो फोटो काढले आणि ते सगळे बाह्यांचे, कॉलरींचे, अर्ध्या भरलेल्या कपांचे. वंदना अनवाणी चालत गेली तेव्हा कॅमेरा माझ्या खांद्यालाच होता, आणि मी बया सेकंद मोजत बसले.

सिनेमाची डीव्हीडी वर्षभराने हाती आली. आम्ही पाचही जण आप्पांकडे जमलो. मध्यंतरापर्यंतच आप्पा घोरू लागले, आणि मी तोंडावर हात ठेवून बसले होते, कारण नवऱ्याने तशी शपथ घातली होती. शेवटी तो सोफ्याचा प्रसंग आला. दोघं दोन टोकांना, गप्प. कोणी हलत नाही. निमकरांनी मुंबईला पाठवलेल्या कागदावर 'टेक ओके' लिहिलं होतं, त्यामुळे तिकडच्या लोकांनी डोळे झाकून तीच शांतता त्या प्रसंगाखाली घातली होती. आणि त्या शांततेत, कुठूनसं, अगदी बारीक: खुळ्. खुळ्. खुळ्.

ही उघड उघड चूक आहे. खोलीत कोणी चालत नाही आणि काहीतरी वाजतंय. हात वर करून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. वंदना आणि निमकर एकमेकांकडे बघत नव्हते. पडद्याकडे बघून दोघंही सारखंच हसत होते.

आप्पा मात्र एकदम जागे झाले. "वंदे, तुझा डबा पडला बघ," असं म्हणत वाकून सोफ्याखाली हात घालून शोधू लागले.

"पडला नाही, आप्पा," निमकर म्हणाले. त्यांनी रिमोट घेतला, प्रसंग मागे नेला आणि आवाज वाढवला.